डेन्व्हर, हँगटाउन आणि अंड्यांवरून झालेला गोळीबार

अमेरिकेत न्याहारीला डेन्व्हर ऑम्लेट मागवलं, की हॅमचे बारीक तुकडे, कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि बहुधा चीज पोटात घेऊन अर्ध्यात दुमडलेलं ऑम्लेट समोर येतं. फ्रेंच ऑम्लेट पिवळंधमक राहावं लागतं. हे मात्र बाहेरून तपकिरी भाजलेलं असतं. कित्येक ठिकाणी याचंच नाव वेस्टर्न.

आधी हे पावाच्या दोन स्लाइसमध्ये घालून खात. खाद्यलेखक जेम्स बिअर्ड यांच्या मते ते रेल्वेच्या आणि लाकूडतोड्यांच्या तळांवरच्या चिनी आचाऱ्यांचं एग फू यंग, म्हणजे चिनी पद्धतीचं भरलेलं ऑम्लेट. गुराख्यांच्या स्वयंपाक्यांना श्रेय देणारेही आहेत, पण मला बिअर्डच पटतात. १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय रेल्वेच्या पश्चिम भागात हजारो चिनी मजूर राबले होते. शिवाय सेंट लुइसच्या चिनी हॉटेलांत आजही एग फू यंग पावात घालून विकतात. त्याला सेंट पॉल सँडविच म्हणतात.

कॅलिफोर्नियाचं हँगटाउन फ्राय याहून जुनं: अंडी, बेकन आणि तळलेली कालवं. हँगटाउन म्हणजे आजचं प्लेसरव्हिल. तिथे माणसं फासावर लटकवली, म्हणून ते नाव. १८४९ मध्ये सोनं शोधायला उसळलेल्या गर्दीत घबाड हाती लागलेल्या एकाने हॉटेलात सगळ्यात महाग जिन्नस मागितले आणि हा पदार्थ झाला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, महागाई खरी होती. कालवं किनाऱ्यावरून डोंगरात चढवावी लागत आणि कोंबड्या तर जवळपास नव्हत्याच.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांवरून मर या समुद्रपक्ष्याची अंडी येऊ लागली. गोळा करणारे मोठ्या खिशांचे खास सदरे घालून निसरड्या कड्यांवर चढत. हंगामाच्या सुरुवातीला दिसतील ती अंडी आधी फोडून टाकत, म्हणजे पुढे मिळतील ती ताजीच. हे वाचताना जीव कळवळतो. १८६३ मध्ये या धंद्याच्या हक्कावरून बेटांवर गोळीबार झाला, माणसं मेली. लाखोंनी असलेले मर काही हजारांवर आले.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमा इथे उबवणी यंत्रांच्या जोरावर कुक्कुटपालन वाढलं आणि ऑम्लेटला कोंबडीची अंडी मुबलक मिळू लागली.