एकविसाव्या खोलीत कोण राहतं?

परवा एका मुंजीत मठ्ठ्याची वाटी हातात घेऊन काकांनी परत तोच विषय काढला, "ती मध्ये विमानं बंद पडलेली ना जगभर, ते हॅकरांचंच काम होतं, तुम्ही आयटीवाले कबूल करत नाही एवढंच." पंगतीत भांडण नको म्हणून गप्प बसलो. पण डोक्यातून जाईना, कारण खरी गोष्ट हॅकरपेक्षा कितीतरी मजेशीर आहे. सगळा घोळ एका रकान्याचा.

१९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर सोडली. चूक कळल्यावर, सोडल्यापासून ७८ मिनिटांत, ती मागेही घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवून बंद पडली होती. जगातल्या विंडोज मशीनांच्या १ टक्काही नाहीत हो ही, पण ती नेमकी विमानतळ, बँका, हॉस्पिटलं अशा ठिकाणची. आपल्याकडे इंडिगोने बोर्डिंग पास चक्क पेनने लिहून दिले, त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

आता रकाना. फाल्कनचे दोन भाग असतात. एक मूळ प्रोग्रॅम, त्याला सेन्सर म्हणतात, तो अधूनमधून बदलतो. दुसरा म्हणजे चोर ओळखायच्या नियमांच्या छोट्या फाइली, त्या वारंवार येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक नवीन प्रकारचा नियम आला, त्यात २१ रकाने ठरले. नियम लिहिणाऱ्यांच्या कागदावर २१, नियम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या हिशेबातही २१, आणि सेन्सरमधला कोड मात्र ताडून बघायला माहिती पुरवायचा २० रकान्यांचीच!

मग हे फेब्रुवारीतच का नाही फुटलं? इथेच खरी गंमत आहे. अशी कल्पना करा की एका चाळीत २० खोल्या आहेत आणि तुमच्या हातातल्या यादीत २१. प्रत्येक खोलीपुढे लिहिलंय तिथे कोण असायला हवं, तुम्ही दार वाजवून खात्री करायची. पण २१ नंबरपुढे लिहिलंय "कुणीही असो, चालेल". आता कुणीही चालणार असेल तर तुम्ही बघायला कशाला जाल? विसाव्या खोलीवरूनच परत फिरणार, यादीवर बरोबरची खूण करणार. मार्च-एप्रिलमध्ये जेवढे नियम गेले त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यात हेच "काहीही चालेल" होतं, टेस्टमध्येही तेच, त्यामुळे टेस्ट दर वेळी पास. जुलैच्या त्या फाइलमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी तिथे खरोखरची अट भरली, म्हणजे "२१ नंबरला जाऊन बघ, अमुक आहे का". माणूस विसावी खोली ओलांडून पुढे गेला आणि गॅलरी संपली.

कॉम्प्युटरच्या भाषेत, प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीत हात घातला. साधं ॲप असतं तर तेवढंच बंद पडलं असतं. पण व्हायरस पकडणाऱ्याला सगळ्यांच्या वरचा अधिकार लागतो म्हणून सेन्सरचा हा भाग विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो, आणि तिथे कुणी घसरला की विंडोज अख्खं मशीन थांबवतं. वर हा भाग मशीन सुरू होतानाच लोड होतो. रीस्टार्ट करा, परत तीच फाइल, परत निळा पडदा. शेवटी हजारो मशीनांपुढे माणूस बसवून, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच विंडोज सुरू करून, ती फाइल हाताने उडवावी लागली, डिस्क लॉक असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

यावर आमच्या धंद्यातला ठरलेला शहाणपणा म्हणजे "शुक्रवारी रिलीज करू नये". बरं. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हारही घालतात, घालोत बापडे, पाकळ्या पंख्यात जाऊ नयेत एवढंच बघा. पण ती फाइल मंगळवारी सोडली असती तरी चाळीत खोल्या वीसच होत्या. आणि "आता एआय टेस्टिंग करेल" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न, त्याला कागद २१ चाच दिला तर ते मोजणार किती?

उपयोगी पडली असती ती कॅनरी. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ब्रिटनमध्ये हे १९८६ पर्यंत चालू होतं. सॉफ्टवेअरमध्ये तसंच, नवीन अपडेट आधी थोड्या मशीनांवर सोडायचं, थांबायचं, मग पुढे. क्राउडस्ट्राइक सेन्सरसाठी हे करत होती, नियमांच्या फाइलींना मात्र लागू नव्हतं. नंतर त्यांनी तेही लावलं, कोडमध्ये रकाने मोजायची तपासणीही घातली.

थोड्या म्हणजे किती पण? थोडं गणित, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाठा. समजा बग हजारात एका मशीनवरच उठतो. शंभर मशीनांवर सोडलं तर तो एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९९९ चा शंभरावा घात, म्हणजे जवळपास ९० टक्के! तीन हजारांवर सोडलं तर ५ टक्क्यांवर येते. ढोबळ नियम असा की n मशीनं बिनघोर गेली तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोषाचं प्रमाण ३ भागिले n पेक्षा कमी आहे. नव्या औषधाच्या दुष्परिणामांनाही हाच हिशेब लावतात. एकविसावी खोली मात्र हजारात एकाला नव्हती, ती फाइल घेणाऱ्या मशीनांवर सरसकट होती. दहा मशीनांवर सोडली असती तरी पाच मिनिटांत कळलं असतं.

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, दुकानदारांसाठी. आमची कॅनरी म्हणजे ऑफिसच्या कँटीनचा काउंटर, प्रत्येक अपडेट पहिलं तिथे. मध्ये एकदा कुणीतरी पैसे आणि रुपये यांच्यात गल्लत केली आणि १० रुपयांच्या चहाचं बिल १००० आलं. मावशींनी फोन केला नाही, मीटिंग मागितली नाही, तिथूनच ओरडल्या, "आज परत काय नवीन टाकलंत का रे?"