व्हॅक्यूम सेकंडरी की डबल पंपर: मागचे दोन बॅरल कोण उघडतं?

मिशिगनमध्ये उन्हाळा लागला की रविवारी कुठे ना कुठे गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. अशाच एका बाजारात एका टेबलावर हॉली कंपनीचे दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्ही चार बॅरलचे, म्हणजे हवा आत जायच्या चार नळ्यांचे, दोन्ही ७५० सीएफएमचे, म्हणजे मिनिटाला ७५० घनफूट हवेचे, दोन्ही सारखेच मळके. एक चाळीस डॉलरने स्वस्त होता. मी तो उचलला आणि माझ्या १९७० च्या शेव्हरोलेट शेव्हेलवर बसवला. या गाडीत ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन आहे, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि मागचा ॲक्सल ३.०८ चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्राच असते. सिग्नल हिरवा झाला, मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि गाडी सुटायच्या ऐवजी खोकली. क्षणभर इंजिनाचा जीव गेला, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज आला आणि मग गाडी कशीबशी ओढायला लागली. फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

मी उचललेला तो डबल पंपर होता. टेबलावर राहिला तो व्हॅक्यूम सेकंडरी.

चार बॅरलच्या कार्बोरेटरमध्ये पुढचे दोन बॅरल, म्हणजे प्रायमरी, रोजच्या कामाचे. बाजारात जाऊन यायचं असेल तर इंजिन त्यांच्यावरच भागवतं. मागचे दोन, सेकंडरी, फक्त जोर लागेल तेव्हा उघडायचे. इथवर दोन्ही कार्बोरेटर सख्खे भाऊ आहेत. फरक एवढाच, की मागचे दोन कधी आणि किती उघडायचे हे ठरवतं कोण. डबल पंपरमध्ये ते तुमचा पाय ठरवतो. पुढच्या बटरफ्लायच्या, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या फिरत्या चकतीच्या, दांड्याला मागचा दांडा लोखंडी लिंकने जोडलेला असतो. प्रायमरी थोडे उघडले की सेकंडरी मागोमाग निघतात आणि पेडल तळाला टेकलं की चारही सताड उघडे. व्हॅक्यूम सेकंडरीमध्ये पाय फक्त परवानगी देतो. उघडायचं की नाही, ते इंजिन किती हवा ओढतंय त्यावर ठरतं.

मोटरसायकल खोललेल्यांना हे चटकन कळेल. जुन्या, कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरमध्ये ॲक्सिलरेटरची केबल थेट स्लाइड उचलायची. तशाच जुन्या युनिकॉर्नमध्ये केबल नुसता बटरफ्लाय फिरवायची. स्लाइड वर उचलायची ती हवा, डायफ्रामच्या, म्हणजे रबरी पडद्याच्या, मदतीने. पहिली डबल पंपरची जात, दुसरी व्हॅक्यूम सेकंडरीची.

आता त्या ‘व्हॅक्यूम’ शब्दाबद्दल, कारण निम्मा गोंधळ त्यानेच केलाय. बहुतेकांना वाटतं हा मॅनिफोल्डमधला, म्हणजे कार्बोरेटरखालून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम. तसं असतं तर सगळं उलटं झालं असतं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम आयडलिंगला सगळ्यात जास्त असतो, धडधाकट इंजिनात पाऱ्याचे १८ ते २० इंच, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर जवळजवळ शून्यावर येतो. त्यावर डायफ्राम चालला असता तर गाडी उभी असताना मागचे बॅरल उघडले असते आणि ओव्हरटेक करताना बंद झाले असते. डायफ्रामला खेचतो तो व्हेंच्युरीतला व्हॅक्यूम. बॅरलच्या अरुंद कमरेतून हवा जितकी वेगाने जाते तितका तिथला दाब घसरतो. तिथून एक बारीक वाट डायफ्रामपर्यंत जाते. प्रायमरीतून हवा भरपूर धावू लागली की डायफ्राम स्प्रिंगचा जोर मोडून दांडी वर ओढतो आणि सेकंडरी हळूहळू उघडतात. पाय काढला की लिंक त्यांना सक्तीने बंद करते, तिथे हवेचं काही चालत नाही.

यातून एक गंमत होते. बॉनेट उघडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हाताने लिव्हर ओढत इंजिन रेस केलं तर मागचे बॅरल हलतही नाहीत. भार नाही, तर तेवढी हवाही नाही. हे पाहून कितीतरी जण ‘सेकंडरी जाम आहेत’ असा निकाल देतात. मग कुणीतरी शहाणा लिंकच्या खाचेत एक स्क्रू बसवून मागचा दांडा पुढच्याला बांधून टाकतो. फुकटात डबल पंपर झाला म्हणतो! झालेला नसतो. मागे पंपच नाही.

तो पंप म्हणजे काय, हे कळल्याशिवाय माझी गाडी का खोकली ते कळणार नाही. हवा हलकी, पेट्रोल जड. बटरफ्लाय एकदम उघडला की हवा तात्काळ आत घुसते, पण जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकातून, पेट्रोल निघायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात मिक्स्चर इतकं पातळ होतं की ठिणगी पडूनही धड पेटत नाही. म्हणून ॲक्सिलरेटर पंप ठेवलाय. पाय दाबताच तो वरून पेट्रोलची पिचकारी मारतो आणि मुख्य जेट जागे होईपर्यंत वेळ निभावून नेतो. व्हॅक्यूमवाल्यात मागचे बॅरल आपणहून सावकाश उघडतात, तेव्हा तिथे पिचकारीची गरजच नसते; पंप फक्त पुढे. मागचे बॅरल पायाने धाडकन उघडायचे तर तिथेही पिचकारी हवी, म्हणून दुसरा पंप. डबल पंपर हे नाव त्यावरूनच आलंय. ते ताकदीचं बिरुद नाही.

माझ्याकडे तर दोन्ही पंप धडधाकट होते. मग गाडी का गुदमरली? कारण पिचकारी क्षणभराची असते. त्यानंतर व्हेंच्युरीत हवेला पुरेसा वेग हवा, तरच जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. माझी गाडी जड, ॲक्सल ३.०८ चा, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) कंपनीतून आलेला. सिग्नलवरून निघताना इंजिन हजार-दीड हजार आरपीएमवर आणि मी त्याच्यापुढे चार दारं सताड उघडून ठेवलेली. हवा त्या चार दारांत वाटली गेली, वेग कुठेच उरला नाही. तोच कार्बोरेटर हलक्या गाडीत, ४.१० ॲक्सल आणि चार गिअरच्या मॅन्युअल बॉक्सबरोबर बसवा: क्लच सुटेपर्यंत इंजिन वर चढलेलं असतं, हवा आधीच धावत असते आणि पायाचा हुकूम लगेच पाळला जातो. म्हणून कोणता घ्यायचा, हे इंजिनपेक्षा गिअरबॉक्स, ॲक्सल आणि वजन यांना विचारावं.

सीएफएमचा आकडाही दोघांकडे सारखा वाचू नये. मिनिटाला किती घनफूट हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे: क्युबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. माझं ३५० इंजिन ५,५०० आरपीएमला ५५७ सीएफएम मागेल, तेही सिलिंडर प्रत्येक वेळी काठोकाठ भरतात असं धरून. साध्या रस्त्यावरच्या इंजिनात ते ८५ टक्के भरतात असं धरलं तर ४७३. म्हणजे ६०० चा कार्बोरेटर पुरून उरतो. हे ऐकल्यावर हुशार वाचक विचारेल, मग जनरल मोटर्सने याच इंजिनावर ७५० सीएफएमचा रॉचेस्टर क्वाड्राजेट का बसवला होता? कारण क्वाड्राजेटच्या मागच्या बॅरलवर हवेने उघडणारी झडप असते. इंजिन मागेल तेवढीच ती वाकते. व्हॅक्यूम सेकंडरीचंही तसंच, तिथे ७५० म्हणजे फार तर एवढं. डबल पंपरमध्ये पेडल तळाला गेलं की ७५० म्हणजे ७५०, मग इंजिनाला ते पचो न पचो. म्हणून व्हॅक्यूमवाला एक माप मोठा घेतला तरी तो सांभाळून घेतो. डबल पंपर माप चुकल्याची शिक्षा लगेच देतो.

जाता जाता तिसऱ्या भावाबद्दल. एडलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर कार्बोरेटर बसवणारे बरेच जण त्याला व्हॅक्यूम सेकंडरी म्हणतात. तो कार्टर कंपनीच्या जुन्या एएफबी कार्बोरेटरच्या घडणीचा आहे. त्यात डायफ्राम नाही. खाली लिंक यांत्रिकच आहे आणि वर मागच्या बॅरलमध्ये वजन लावलेली झडप आहे, ती हवा ढकलते. स्वभाव व्हॅक्यूमवाल्याकडे झुकणारा, पण डायफ्रामच्या स्प्रिंगा बदलायचा डबा त्याच्यासाठी विकत घेऊ नका.

बाजारात ओळखायचं कसं? हॉलीच्या ड्रायव्हरविरुद्ध बाजूला, चोकच्या मागे, स्क्रू मारलेली गोल डबी दिसली तर व्हॅक्यूम. डबी नाही, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही फ्लोट बाउलच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाट्यांच्या) पोटाखाली पंपाचे लिव्हर असतील, तर डबल पंपर. खात्री करायची तर वर, चोकच्या मनोऱ्यावर ठोकलेला लिस्ट नंबर वाचा. १८५० म्हणजे ६०० सीएफएम व्हॅक्यूम, ४७७९ म्हणजे ७५० डबल पंपर. ३३१० हा व्हॅक्यूमवाला. सुरुवातीचे ७८० चे होते, पुढचे ७५० चे. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. चिठ्ठी कुणीही लिहितं.

बसवण्याचं काम दोघांचं बहुतांशी एकच. क्वाड्राजेटचं मॅनिफोल्ड पुढे लहान आणि मागे मोठी भोकं असलेलं असतं, हॉलीची चारही भोकं जवळपास सारखी. म्हणून एक तर मॅनिफोल्ड बदला, नाहीतर मधे ॲडॉप्टर प्लेट टाका. पेट्रोलचा दाब ५ ते ७ पीएसआय. इलेक्ट्रिक चोकला चावीवर चालू होणारे पूर्ण १२ व्होल्ट द्या. इग्निशन कॉइलच्या वायरवरून चोरू नका, तिथे रेझिस्टन्समुळे व्होल्टेज कमी असतं. टर्बो ३५० गिअरबॉक्सची किकडाउन केबल (पेडल तळाला गेलं की खालचा गिअर टाकायला लावणारी) नव्या लिव्हरला नीट जोडा. नट तिरपे तिरपे, हळूहळू आवळा, बेसचे कान तुटतात. थ्रॉटलला रिटर्न स्प्रिंग दोन लावा.

एका ठिकाणी मात्र थांबावं लागतं. ॲडॉप्टर किंवा चुकीचं पॅकिंग असेल तर मागचे बटरफ्लाय उघडताना त्याच्या कडेला अडकू शकतात, आणि उघड्या अवस्थेत अडकले तर गाडी थांबायला तयार होत नाही. डबल पंपरमध्ये ही चूक लगेच सापडते: इंजिन बंद असताना पेडल दाबलं की मागचे फिरतात, घासले तर हाताला कळतं. व्हॅक्यूमवाल्यात इंजिन बंद असताना पेडल कितीही दाबा, मागचे हलणारच नाहीत. चूक लपून राहते आणि हायवेवर चढताना पहिल्यांदा बाहेर येते. म्हणून प्रायमरी उघडे धरून मागचा दांडा बोटाने पूर्ण फिरवून बघा, सोडल्यावर तो आपणहून मिटतो का ते बघा, आणि मगच चावी लावा.

ट्यूनिंगला बसलात की दोघांच्या वाटा पुन्हा फुटतात. डबल पंपरमध्ये सगळा खेळ पिचकारीचा: नोझलचं भोक किती (३१ नंबर म्हणजे इंचाचे ३१ हजारांश), पंपाला ढकलणारा प्लॅस्टिकचा कॅम कोणत्या रंगाचा, लिव्हरमध्ये जराही मोकळं अंतर नाही ना. व्हॅक्यूमवाल्यात खेळ एका स्प्रिंगचा. पांढरी सगळ्यात नरम, मग आखूड पिवळी, पिवळी, जांभळी, बिनरंगाची, तपकिरी आणि सगळ्यात कडक काळी. नरम टाकली तर मागचे लवकर उघडतात, फार नरम टाकली तर गाडी डबल पंपरसारखीच खोकते.

लोक इथेही फसतात. मागचे बॅरल उघडताना धक्का जाणवला की त्यांना वाटतं, काय जोर आहे! तो धक्का बऱ्याचदा आधी गाडी अडखळल्याचा असतो. स्प्रिंग बरोबर असेल तर काहीच जाणवत नाही, नुसती गाडी चढत जाते.

माझा डबल पंपर आता ओळखीच्या एकाच्या चार गिअरच्या कॅमरोवर आहे आणि तिथे तो गुणी बाळ झालाय. शेव्हेलवर ३३१० बसवला. मागचे बॅरल खरंच उघडतात का, हे शेजारच्या निवृत्त टूलमेकरने दाखवलेल्या युक्तीने पाहिलं. डायफ्रामच्या दांडीवर, डबीला टेकवून, कागदाची पिन अडकवायची, रिकाम्या रस्त्यावर एकदा पूर्ण पेडल दाबून यायचं आणि बॉनेट उघडायचं. दांडी वर जाते, पिन डबीला अडून जागच्या जागी राहते, आणि परत आल्यावर ती दांडीवर किती खाली सरकली ते दिसतं. बिनरंगाच्या स्प्रिंगवर पिन जेमतेम अर्ध्यावर होती. जांभळी टाकली, तेव्हा ती जवळजवळ शेवटाला जाऊन बसली. पिवळी अजून डब्यात आहे. या शनिवारी पाऊस नसेल तर तीही टाकून बघेन.