राणी पाचची की तीनची? घरच्या कॅरमची पार्श्वभूमी

कॅरम नेमका कुठे जन्मला यावर एकमत नाही. पतियाळ्याच्या राजवाड्यातल्या काचेच्या बोर्डाचा दाखला हमखास दिला जातो, पण एका बोर्डावरून खेळाचा जन्म ठरत नाही. मुलांनी घरच्यांबरोबर काय खेळावे, या प्रश्नाला उपयोगी पडणारा इतिहास तसा अलीकडचाच आहे. चाळीच्या गॅलरीत, मे महिन्याच्या सुटीत आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धांत तो घडला. त्या काळात एकाच बोर्डावर दोन वेगळे खेळ नांदत होते, आणि आजही घरात भांडण होते ते बहुधा या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे.

पहिला खेळ 'ब्लॅक-व्हाइट'. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, अशा १९ सोंगट्या. आपला रंग आपण घालायचा. दुसरा 'पॉइंट'चा. त्यात रंग कोणाचाच नसतो. काळीला ५, पांढरीला १०, राणीला २५, आणि जो घालेल त्याची सोंगटी. काही घरांत हेच आकडे दुप्पट असतात. बेरीज केली तर बोर्डावर एकूण १६० पॉइंट होतात, म्हणजे चौघे खेळत असतील तर वाट्याला सरासरी ४० येतात. तिघे असले तरी खेळ अडत नाही. मध्येच पाहुणा आला तर पुढच्या बोर्डाला, म्हणजे पुढच्या डावाला, त्यालाही बसवता येते.

गोंधळ 'पॉइंट' या शब्दातच आहे. क्लबात वाढलेला माणूस 'एकोणतीस पॉइंटचा गेम' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात ब्लॅक-व्हाइट असतो. तिथे बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीमागे एक गुण मिळतो, वर राणीचे वेगळे. घरातले पोर मात्र पॉइंट म्हणजे पाच-दहा-पंचवीस असेच समजते. काका २९ वर गेम म्हणतो, पुतण्याकडे पहिल्याच बोर्डात ४५ झालेले असतात.

वादाचा खरा विषय राणी. जुन्या पद्धतीत गेम २९ चा आणि राणी ५ ची. आताच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गेम २५ चा किंवा आठ बोर्डांचा, आणि राणी ३ ची. हा बदल अनेकांना अजून पचलेला नाही. 'राणीला तीन म्हणजे राणीची प्यादी केली,' असा सूर जुन्या खेळाडूंत ऐकू येतो. आकडे मांडून पाहिले तर दोन्ही पद्धतींचा सांगाडा एकच दिसतो. जुन्या पद्धतीत एका बोर्डात जास्तीत जास्त ९ आणि ५ मिळून १४. दोन बोर्ड निर्विवाद मारले तरी २८, म्हणजे एक कमी. नव्या पद्धतीत ९ आणि ३ मिळून १२; दोन बोर्डांचे २४, पुन्हा एक कमी. तिसरा बोर्ड खेळल्याशिवाय गेम कोणालाच मिळत नाही. राणीचे गुण कुठवर धरायचे, तेही तसेच. पूर्वी २४ झाले की राणीची किंमत संपायची, आता २२ झाले की संपते. दोन्हीकडे तेव्हा गेम गाठायला राणीच्या किमतीएवढेच गुण उरलेले असतात.

फरक पडला तो वजनात. १४ पैकी ५ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त; १२ पैकी ३ म्हणजे चौथा हिस्सा. राणी हलकी झाली की एका नशिबाच्या फटक्याचे मोल घटते, आणि नऊच्या नऊ सोंगट्या सलग घालणाऱ्या तयार हाताला फायदा होतो. स्पर्धेसाठी हे योग्यच आहे. घरासाठी नाही. दहा वर्षांची मुलगी आजोबांना हरवू शकते ती राणी आणि तिचे कव्हर, म्हणजे राणीपाठोपाठची सोंगटी, साधून. ती वाट अरुंद करण्यात घरच्या खेळाचे काहीच भले नाही.

त्यात भर म्हणजे ब्लॅक-व्हाइटमध्ये राणी घेऊन कव्हर केले, पण बोर्ड हरलात, तर राणीचे गुण कोणालाच मिळत नाहीत. पॉइंटच्या खेळात वाढलेल्या मुलाला हा सरळ अन्याय वाटतो. कव्हरचा नियम मात्र दोन्हीकडे सारखा चालतो. राणीनंतर लगेचच्या फटक्यात सोंगटी गेली पाहिजे, किंवा दोन्ही एकाच फटक्यात. नाहीतर राणी पुन्हा मधल्या गोलात.

पॉइंटचा खेळ 'कच्चा' म्हणून हिणवला गेला, पण घरे बोर्डाभोवती बसली ती त्याच्यामुळेच. ब्लॅक-व्हाइटमध्ये लहान मुलाकडून समोरच्याची सोंगटी गेली की समोरच्याचे काम झाले आणि मुलाची पाळीही गेली. पॉइंटमध्ये भोकाच्या तोंडाशी असलेली कुठलीही सोंगटी त्याचीच असते. स्ट्रायकर भोकात गेला तर आपली एक सोंगटी परत मांडायची, आणि जवळ काहीच नसेल तर ड्यू, म्हणजे सोंगटीची उधारी, डोक्यावर ठेवून खेळायचे. पाच-दहाच्या बेरजा पाटीवर करायला कंटाळणारे पोर इथे मात्र आजीने पाच जास्त धरले की लगेच पकडते.

स्पर्धांच्या जगाने पुढे वेगळे वळण घेतले. १९८८ साली चेन्नईत आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९९१ मध्ये दिल्लीत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ चा अर्जुन पुरस्कार एका कॅरमपटूला मिळाला. मापे पक्की झाली. खेळायचा भाग साधारण ७४ सेंटिमीटर चौरस, म्हणजे २९ इंच. भोकाचा व्यास ४.४५ सेंटिमीटर, सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची, स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅम. चांगल्या बोर्डाची कसोटीही ठरली. पूर्ण जोर लावून मारलेला स्ट्रायकर समोरासमोरच्या फ्रेमवर आपटत साडेतीन वेळा ये-जा करायला हवा.

घरी आणलेले स्वस्त बोर्ड इथेच नापास होतात. पातळ प्लाय मधून खोल बसतो आणि सगळ्या सोंगट्या मध्याकडे घरंगळतात. फ्रेमचे लाकूड हलके असेल तर रिबाउंड मरतो. पावसाळ्यात भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड गणपतीपर्यंत वाकलेला असतो. तो पलंगाखाली आडवा ठेवावा. दमट हवेत पृष्ठभाग चिकट होतो, म्हणून पूर्वी बोर्डाच्या वर साठ-शंभर वॅटचा दिवा टांगत. त्याच्या उबेने लाकूड कोरडे राही. एलईडी आल्यापासून उजेड तेवढा मिळतो, ऊब नाही. तेव्हा खेळण्याआधी बोर्ड दहा मिनिटे उन्हात ठेवून सुक्या फडक्याने पुसावा.

पावडर बोरिकचीच, आणि चिमूटभर. अंगाला लावायची टाल्कम पावडर दमटपणात लगद्यासारखी बसते. बोरिक पोटात जाता कामा नये, म्हणून लहान मुले खेळून उठली की खाण्याआधी हात धुवायला लावावेत आणि डबी वरच्या फळीवर ठेवावी.

मूल पहिल्यांदा खेळते तेव्हा बहुतेकदा नख दुखते म्हणून कंटाळते. लांबून आणलेली टिचकी नखावर बसते. बोट स्ट्रायकरच्या अगदी जवळ ठेवून अंगठ्याच्या अडसरातून सोडले की दुखत नाही आणि नेमही सुधारतो. स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनना, म्हणजे आपल्या बाजूच्या दोन समांतर रेघांना, टेकलेला हवा. टोकाचा लाल गोल झाकायचा तर पूर्ण झाकायचा, नाहीतर त्याला शिवायचेच नाही. अर्धा गोल फाऊल. हा नियम सहा वर्षांच्या मुलालाही पहिल्या दिवसापासून लावता येतो. कोपऱ्यातल्या बाणाच्या पलीकडे हात न नेण्याचा नियम मात्र त्याचे हात लांब होईपर्यंत सैल सोडावा.

डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात आणि स्पर्धेत त्यांना एकमेकांना काही सांगता येत नाही. घरी ही बंदी कधीच चालली नाही. 'ती काळी सोड, कट मार' असे आजोबा ओरडतात, नातू सेंटर शॉट मारतो आणि राणी जाते.

मोबाईलवरच्या कॅरमनेही ब्लॅक-व्हाइट आणि पॉइंट हे वेगवेगळे प्रकार म्हणून ठेवले आहेत. त्यावर शिकलेली मुले कोनाचा अंदाज पक्का घेऊन खऱ्या बोर्डाशी येतात, पण मोबाईल नेमाची रेघ काढून दाखवतो आणि लाकूड दाखवत नाही. म्हणून त्यांचे पहिले आठ-दहा फटके फ्रेमवरून उडून गादीवर पडतात. राणीला किती धरायचे, हे त्यांनाही बोर्ड लावण्याआधी विचारावेच लागते.