कुत्र्या-मांजरांचं ॲक्युपंक्चर: तीन हजार वर्षं की पन्नास?

म्हातारा कुत्रा संधिवाताने मागचे पाय ओढत चालायला लागला, की काही पशुवैद्य गोळ्यांच्या जोडीला हल्ली ॲक्युपंक्चरही सुचवतात. माहितीपत्रकात एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: हजारो वर्षांची प्राचीन चिनी उपचारपद्धती. वाक्य अगदीच खोटं नाही, पण त्यात प्राणी आणि काळ यांची सरमिसळ झाली आहे. जुनं जे काही आहे ते मुख्यतः घोड्यांचं. कुत्र्या-मांजरांना बारीक सुया टोचण्याची आजची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, आणि तीही बरीचशी चीनबाहेर.

घोडाच का, हे उघड आहे. ज्याच्याकडे धडधाकट घोडे त्याचं सैन्य, त्याचंच राज्य. त्यामुळे चीनमध्ये अश्ववैद्यकाला दरबारी आश्रय होता. या परंपरेचा मूळपुरुष म्हणून बो ले याचं नाव घेतात. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला हा अश्वपारखी. सुईने घोडे बरे करण्याचा एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे, मात्र ते लिखाण त्याच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, तांग काळातल्या संग्रहाच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आलं. थोरामोठ्यांच्या नावावर ग्रंथ चढवण्याची चाल आपल्यालाही ठाऊक आहे. ठोस तारखेचा मोठा ग्रंथ 1608 सालचा. मिंग काळातल्या यू बनयुआन आणि यू बनहंग या अश्ववैद्य भावांनी लिहिलेला हा घोड्यांवरचा ग्रंथ पुढची तीनशे वर्षं हाताशी ठेवला गेला. बैल आणि उंट यांची प्रकरणंही त्याला जोडली गेली. मांडीवरच्या कुत्र्यांचा दरबारात सुकाळ होता, पण वैद्यांच्या लेखी ते नव्हते.

आणि या वैद्यांच्या हातात होतं काय? शीर फोडून रक्त काढायची रुंद पात्याची हत्यारं, गळू फोडायच्या जाड सुया, लालबुंद तापवून टोचायच्या सुया, डाग द्यायची लोखंडं. आज कुत्र्यासाठी वापरतात त्या केसाएवढ्या पोलादी सुयांशी याचं नातं दूरचंच. इतिहासकार पॉल ब्युएल आणि डेव्हिड रॅमी, रॉबर्ट इमरी हे पशुवैद्य यांनी या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच आक्षेप घेतला: जुन्या ग्रंथांत आहे ते मुख्यतः रक्तमोक्षण आणि डागणं, त्याला मागाहून ॲक्युपंक्चर म्हटलं गेलं. चिनी पद्धतीने उपचार करणारे म्हणतात, रक्त काढणं आणि तप्त सुई हीसुद्धा या शास्त्राचीच अंगं. मला पहिली बाजू जास्त पटते. श्रीलंकेतल्या हत्तींच्या ‘तीन हजार वर्षांपूर्वीच्या ॲक्युपंक्चर’ची गोष्ट तर आणखीच सैल आहे. माहुताला हत्तीच्या अंगावरची नाजूक ठिकाणं माहीत असतात, पण ती अंकुशाने हत्तीला वळवण्यासाठी, थांबवण्यासाठी.

खुद्द चीनमध्येही ही परंपरा अखंड चालली नाही. 1822 मध्ये सम्राट दाओग्वांगने माणसांचं ॲक्युपंक्चर राजवैद्यकीय संस्थेतून काढून टाकलं. 1904 मध्ये बाओडिंगला लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, ती पाश्चात्त्य धर्तीची. गावोगावचे अश्ववैद्य आपलं काम करत राहिले, पण त्यांना पुन्हा सरकारी मान मिळाला तो 1956 साली, लोकपशुवैद्यकाला बळ देण्याचा आदेश निघाला तेव्हा. तोही शेतीच्या जनावरांसाठी.

मग 1971 उजाडलं. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यावरचा त्यांचा लेख जुलैमध्ये छापून आला आणि अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट उसळली. रेस्टनना सुया टोचून भूल दिली होती, असं आजही सांगतात. प्रत्यक्षात भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. सुया आल्या त्या नंतर, पोटातली अस्वस्थता शमवायला. पुढच्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कुतूहल आणखी वाढलं. युरोपात ऑस्ट्रियाचे पशुवैद्य ओस्वाल्ड कोथबाउअर आधीपासून गाईंवर प्रयोग करत होतेच. 1974 मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था स्थापन झाली आणि पशुवैद्यांचं पद्धतशीर प्रशिक्षण सुरू झालं.

अडचण अशी की कुत्र्यासाठी तयार नकाशाच नव्हता. म्हणून माणसाच्या अंगावरचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या, अवयवांची नावं दिलेल्या काल्पनिक वाहिन्या चक्क कुत्र्याच्या, मांजराच्या, घोड्याच्या अंगावर उतरवल्या गेल्या. यातून गमती झाल्या. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या, कुत्र्याला तेरा, घोड्याला साधारण अठरा. करंगळीच्या टोकाचा बिंदू एकाच बोटावर उभ्या असलेल्या घोड्यात कुठे धरायचा? घोड्याला पित्ताशय नसतं, तरी पित्ताशयाची वाहिनी त्याच्या अंगावर काढलेली असते. ‘बायहुई’ हा बिंदू माणसात टाळूवर आहे. जनावरांच्या जुन्या चिनी परंपरेत याच नावाचा बिंदू कमरेचे मणके संपतात तिथल्या खळग्यात. आजच्या पशुवैद्याला दोन्ही पाठ करावे लागतात.

सुई टोचल्याने शरीरात काहीच घडत नाही, असं मात्र नाही. पेकिंगमध्ये संशोधक हान जीशंग यांनी 1965 पासून यावर काम केलं, त्यात सशांवरचे प्रयोगही होते. टोरांटोत ब्रूस पोमेरांझ यांनी 1976 मध्ये दाखवलं, की सुयांमुळे उंदरांची कमी झालेली वेदना नॅलोक्सोन दिल्यावर परत येते. नॅलोक्सोन अफूवर्गी द्रव्यांचा परिणाम रोखतं, म्हणजे शरीरातली वेदनाशामकं यात सामील असणार. वाहिन्या आणि त्यांतून वाहते असं मानलेली ‘ची’ ही प्राणशक्ती बाजूला ठेवून बोलण्याची सोय त्यामुळे झाली.

पण घरच्या कुत्र्याला फायदा किती? 2006 मध्ये हाबाखर, पिटलर आणि अर्न्स्ट या संशोधकांनी 31 चाचण्या तपासल्या. पाळीव जनावरांच्या कुठल्याच विकारात शिफारस करावी किंवा धुडकावून लावावं इतका सबळ पुरावा त्यांना मिळाला नाही. खुब्याच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सोन्याचे मणी पेरण्याच्या उपचाराची कथाही तशीच: 2001 मध्ये फिनलंडच्या 38 कुत्र्यांत फरक दिसला नाही, 2006 मध्ये नॉर्वेच्या 78 कुत्र्यांत दिसला. याउलट ब्राझीलमध्ये 2010 मध्ये मणक्यातली चकती सरकून बराच काळ पाय गेलेल्या कुत्र्यांवर सौम्य वीज सोडलेल्या सुयांचा निकाल नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा चांगला लागला. अभ्यास 40 कुत्र्यांचा, म्हणजे लहानच.

कुत्र्याला मनाचा भास होत नाही, म्हणून सुधारणा खरीच असणार, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासाने त्यातली हवा काढली. लंगडणाऱ्या कुत्र्यांना निव्वळ दिखाऊ औषध दिलं होतं. पायाचा भार मोजणाऱ्या फळीवर चाल होती तशीच होती, तरी बऱ्याच मालकांना आणि पशुवैद्यांनाही कुत्रा सुधारल्यासारखा दिसला.