संगणक हार्डवेअरची घाऊक व किरकोळ किंमत

संगणकाचे सुटे भाग व उपकरणे दुकानदाराला ज्या दराने मिळतात ती घाऊक किंमत, आणि ग्राहक मोजतो ती किरकोळ किंमत. भारतात हा माल बहुधा उत्पादक, राष्ट्रीय वितरक, उपवितरक व दुकानदार या क्रमाने उतरतो. दुकानदाराच्या खरेदीदराला व्यापारात ‘डीपी’ (डीलर प्राइस), तर वाहतूक वगैरे धरून प्रत्यक्ष पडणाऱ्या दराला ‘लँडिंग’ म्हणतात.

दोन्ही किमतींची तुलना करताना होणारी मुख्य गफलत कराची आहे. घाऊक दर ‘प्लस जीएसटी’ सांगितला जातो. किरकोळ दरात कर धरलेला असतो. समजा, एक मदरबोर्ड दुकानदाराला १०,००० रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे ११,८०० रुपयांना मिळाला. ३०० रुपये नफा ठेवून तो विकल्यास बिल १०,३०० अधिक १,८५४, एकूण १२,१५४ रुपयांचे होते. आधी भरलेल्या १,८०० रुपयांची वजावट घेऊन दुकानदार सरकारला ५४ रुपये भरतो. ग्राहकाला दरांत २,१५४ रुपयांची तफावत दिसते. दुकानदाराच्या हाती राहतात ते ३००, आणि त्यातूनच दुकानाचे भाडे व पगार भागवायचे असतात. नोंदणीकृत व्यावसायिकाला कराची वजावट मिळू शकते, घरगुती ग्राहकाला नाही. बिलाविना घेतलेला माल स्वस्त पडतो तो हा कर चुकवल्याने, पण बिल नसल्याने हमीचा पुरावाही उरत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी मूल्यवर्धित कर व मुंबईत जकातही असल्याने लँडिंग शहरागणिक बदलत असे.

वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही कमाल मर्यादा आहे, चालू भाव नव्हे. करासहित किंमत छापण्याचा दंडक साधारणपणे १९९० च्या नियमदुरुस्तीपासूनचा मानला जातो. घाऊक वेष्टनावर मात्र किंमत छापण्याची सक्ती नाही. त्यामुळे डीपी ग्राहकाला सहसा कळत नाही.

फरकाच्या कारणांविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो एकदम घेतलेल्या नगांच्या संख्येमुळे पडतो. प्रोसेसर-उत्पादकांनी १,००० नगांच्या खरेदीसाठी दर जाहीर करण्याची प्रथा या मताला पुष्टी देते. दुसरे मत उधारी, साठ्याची जोखीम व हमी यांना महत्त्व देते. हार्डवेअरचे भाव लवकर उतरतात. पडून राहिलेला माल दुकानदाराला तोट्यात नेतो. म्हणून काही कंपन्या दरकपातीनंतर शिल्लक मालावर भरपाई देतात, तिला ‘प्राइस प्रोटेक्शन’ म्हणतात. शिवाय विक्रीचे लक्ष्य गाठल्यावर मिळणारी ‘स्कीम’ची रक्कम बिलावर दिसत नाही, त्यामुळे डीपीच्या खालीही माल विकलेला आढळतो. हे सारे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भाव उतरण्याच्या उलट २०११ च्या थायलंडमधील पुरात घडले : तेथील कारखाने बंद पडून हार्ड डिस्कचे किरकोळ भाव कडाडले आणि जुना साठा बाळगणाऱ्यांना फायदा झाला. मेमरी चिपांतही दीर्घ मुदतीचा करारदर व रोखीचा बाजारभाव वेगळे चालतात.

एकच प्रोसेसर दोन रूपांत येतो. संगणक-निर्मात्यांसाठीचा ‘ट्रे’ माल खोक्याविना असतो व त्याची हमी सहसा विकणाऱ्याची असते. खोकेबंद मालाला उत्पादकाची हमी असते, बहुधा तीन वर्षांची. त्यामुळे या दोहोंतील तफावत केवळ नफ्याची समजणे चूक ठरते.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) येथे घाऊक व किरकोळ व्यवहार शेजारीशेजारी चालतात, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरूत एस. पी. रोड व चेन्नईत रिची स्ट्रीट या तशाच पेठा होत.