कोंडलेलं पाणी, वाहतं पाणी: इंग्लंडचा बॉयलर म्हणजे आपला गीझर नव्हे

डिसेंबर लागला की मला फोन सुरू होतात. माझ्या ओळखीच्या निदान दहा-बारा घरांतली मुलं इंग्लंडात आहेत. तिकडे थंडी पडली की कुणीतरी व्हिडिओ कॉलवर भिंतीवरचा पांढरा डबा, म्हणजे घर तापवणारा बॉयलर, दाखवतं. दाबाचा काटा खाली आलेला असतो, शेजारच्या फिल्टरमधून थेंब पडत असतात आणि घर गार पडलेलं असतं. इकडे नागपुरात धरमपेठेत बसलेले बाबा सांगतात, "गीझरच तर आहे न, पाणी कमी येऊन राहिलं असेल. कॉक उघड." पोरगी कॉक उघडते, काटा वर येतो, दोन्हीकडे हायसं वाटतं. चार दिवसांनी पुन्हा फोन.

हा सल्ला थांबावा म्हणून हे लिहितोय. तो चुकीचा आहे, आणि रोज पाळला तर त्यानेच यंत्रणा खराब होते.

गीझरबद्दल फार सांगायला नको. गच्चीवर टाकी, तिथून पाइप खाली, गीझरमध्ये पाणी तापतं आणि बादलीत पडतं. जेवढं गेलं तेवढं टाकीतून लगेच आत येतं. जोर ठरतो तो टाकीच्या उंचीवर: दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो, म्हणजे दाबाच्या मापात जवळपास एक बार. आपल्या एकमजली घराच्या बाथरूममध्ये याचा पाव हिस्साही मिळत नाही, तरी आंघोळ होते. जोडातून थेंब गळाला तर फरशी ओली होते, पण नळाचा जोर तसूभर कमी होत नाही.

नावानेही घोटाळा होतो. आमच्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला 'बॉयलर' म्हटलं की शंभर बारच्या वरची वाफ डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातल्या घरच्या बॉयलरमध्ये पाणी उकळतच नाही. साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे खोली तापवणाऱ्या पोकळ पोलादी पाट्यांमधून, फिरून परत येतं.

'फिरून परत येतं' यातच सगळी मेख आहे.

ते पाणी कुणी वापरत नाही. एकदा भरलं की तेच, साधारण शंभर लिटर, सहा-सहा महिने घरभर फिरत राहतं. त्याला वर टाकी नाही, नवीन पाणी आपोआप आत येण्याची वाट नाही. ते कोंडलेलं पाणी आहे. गीझरचं पाणी वाहतं आहे. बॉयलरचा काटा नळाचा जोर दाखवतो असं आपल्याला वाटतं, पण तो त्या बंद चक्राचा दाब दाखवतो. यंत्रणा थंड असताना तो दाब सांगतो की कोंडलेल्या पाण्यापैकी अजून आत किती उरलं आहे. म्हणून काटा उतरला की पहिला प्रश्न 'जोर कसा वाढवू' हा नसतो. 'पाणी गेलं कुठे' हा असतो.

थोडंसं पाणी गेल्याने एवढा फरक कसा पडतो, हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांवरून सत्तरवर नेलं तर शंभर लिटरचं सुमारे एकशे दोन लिटर होतं. बंद पाइपात त्या दोन लिटरना जागा कुठे? त्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल असतं: एक लोखंडी डबा, मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला हेच पाणी. काट्यावर दिसणारा दाब म्हणजे त्या हवेची दाबली गेलेली स्प्रिंगच. डबा आठ लिटरचा आणि त्यात हवा ०.७५ बारची धरून हिशेब केला, तर थंड यंत्रणेत १.५ वरचा काटा १ वर यायला फक्त १.४ लिटर पाणी जावं लागतं. दर तीन सेकंदांना एक थेंब गळत असेल तर दिवसभरात जवळपास तेवढंच जातं. काटा ०.७५ च्या खाली गेला की डब्यात पाणी उरलेलंच नसतं. त्यानंतर पेलाभर पाणी गेलं तरी काटा शून्याकडे पडतो. साधारण अर्ध्या बारच्या आसपास बरेच बॉयलर स्वतःहून बंद होतात. तोच थेंब गीझरला काही करत नाही आणि इथे मात्र घर गार पडतं.

थंड असताना काटा १ ते १.५ मध्ये असावा. तापल्यावर २ च्या आसपास गेला तर घाबरू नये. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून जातं. वाचन नेहमी थंड यंत्रणेचंच धरावं. तापलेल्या यंत्रणेचा काटा दाखवून "ठीक आहे न बाबा?" विचारणाऱ्यांना मी काही सांगत नाही, सकाळी हीटिंग सुरू व्हायच्या आधी फोटो पाठवा म्हणतो.

आता पाणी भरायच्या नळीबद्दल. तिला फिलिंग लूप म्हणतात: जाळीदार लवचीक नळी, दोन कॉक, एकीकडे शहराचं पाणी, दुसरीकडे हे बंद चक्र. कधीतरी, वर्षातून एखाद्या वेळी, रेडिएटरमधली हवा काढल्यावर ती उघडून दाब नीट करणं रास्त आहे. पण रोज भरायचं म्हणजे पंक्चर न काढता रोज सायकलमध्ये हवा भरायची. खरं तर त्याहून वाईट, कारण हवेने ट्यूब गंजत नाही. ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, रेडिएटर पोलादाचे असतात. जुन्या, फिरफिरून शिळ्या झालेल्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून गंजणं मंदावतं. तुम्ही नवीन पाणी घातलं की ते पुन्हा सुरू. वर गंज रोखायला घातलेलं रसायनही पातळ होत जातं. या गंजाची काळी, बारीक, लोहचुंबकाला चिकटणारी भुकटी होते, तिला मॅग्नेटाइट म्हणतात. ती पकडण्यासाठीच बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर तो फिल्टर बसवलेला असतो. म्हणजे थेंब फिल्टरमधून, थेंबामुळे दाब कमी, दाबासाठी नवीन पाणी, नव्या पाण्याने नवा गंज, आणि तो गंज पुन्हा त्याच फिल्टरमध्ये.

'फिल्टर' शब्दावरून आपल्याकडचा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आठवतो, तेव्हा एक सांगतो: याचं काम मुख्यतः चुंबकाचं आहे. तुंबल्याने घर नीट तापत नाही, पण काटा उतरत नाही. काटा उतरतो गळतीने.

गेल्या हिवाळ्यात लीड्सला मुलीकडे गेलो तेव्हा हेच चाललं होतं. रोज सकाळी जावई काटा १.४ वर न्यायचे, दुसऱ्या दिवशी तो एकच्या जवळ. आधी आलेला तंत्रज्ञही पाणी भरून, पैसे घेऊन गेला होता. थेंब दिसायचा फिल्टरच्या तळाच्या ड्रेन प्लगवर, म्हणून सगळे तो प्लग आवळायचे. मी फिल्टर कोरडा पुसला आणि टिश्यू पेपरचे वेगवेगळे तुकडे गुंडाळले: झाकणाच्या कडेला, वरच्या हवेच्या स्क्रूला, दोन्ही बाजूंच्या पितळी नटांना, तळाच्या प्लगला. वीस मिनिटांनी झाकणाजवळच्या तुकड्यावर काळसर ओली रेघ उमटली होती. स्क्रू आणि नट कोरडे होते. पाणी वरून झिरपून, अंगावरून ओघळून तळाशी थेंब होत होतं. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही, हे गच्चीच्या स्लॅबचा ओलावा शोधलेल्या नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

हीटिंग बंद केली, यंत्रणा पूर्ण गार होऊ दिली. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद, वरचा स्क्रू ढिला, तळातून काळं पाणी जुन्या भांड्यात. झाकण उघडलं तर ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालचं रबरी कडं, एका बाजूने चपटी झालेली आणि तिच्या खोबणीत मॅग्नेटाइटची रेती. चुंबक धुतला, खोबण कपड्याने साफ केली, त्याच मॉडेलची नवी ओ-रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. व्हॅसलिन लावू नये, पेट्रोलियममुळे असं रबर फुगतं. झाकण हाताने आवळलं, पान्याने नाही. आणि कृपा करून ओ-रिंगच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, वरून एम-सील थापू नका. फोनवर हे दोन्ही सल्ले इतक्या वेळा ऐकलेत की आता ते ऐकले की चिडतोच. टेप चुड्यांसाठी, म्हणजे पाइपाच्या आट्यांसाठी, असते. ओ-रिंगचा जोड बंद होतो तो स्वच्छ खोबणीमुळे.

फिल्टर हा बाहेरचा, पाण्याचा भाग आहे, म्हणून मी हात लावला. बॉयलर गॅसवर चालतो, त्याचं झाकण मात्र उघडायचं नाही. तिकडे गॅसच्या कामाला 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणी असलेला माणूसच लागतो, तो कायदा आहे.

गळती कुठेच सापडली नाही आणि काटा तापल्यावर ३ पर्यंत चढून थंड झाल्यावर शून्याजवळ येत असेल, तर दोष बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमध्ये असतो: हवा गेली किंवा पडदा फाटला. बाहेरच्या तांब्याच्या नळीचं तोंड ओलं आहे का, ते पाहा. ते कामही नोंदणीकृत माणसाचंच.

शॉवरची धार बारीक झाली म्हणून कुणी काटा वाढवू नये. कॉम्बी बॉयलरमध्ये, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या बॉयलरमध्ये, आंघोळीचं पाणी वेगळ्या वाटेने, थेट शहराच्या पाइपातून येतं. काटा १ वरून २ वर नेला तरी धार तीच राहणार.

लीड्सला त्या संध्याकाळी थंड यंत्रणेत १.४ वर भरलं, दोन्ही कॉक बंद केले आणि फिलिंग लूपची नळी काढूनच घेतली. तशी ती भरून झाल्यावर काढून ठेवायचीच असते. मी परत निघालो तेव्हा पाच आठवडे झाले होते. सकाळी सहाला पाहिलं, काटा १.३ वर होता. नळी सिंकखालच्या कपाटात तशीच पडून होती.