भिंगाने विस्तव पेटवणे

बहिर्गोल भिंगाने किंवा अंतर्वक्र आरशाने ऊन एका ठिपक्यात गोळा करून उघड्यावर विस्तव करण्याची रीत. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या प्राचीन ग्रंथात, ती जवळजवळ कृतीसारखी आली आहे: कासे किंवा मणी घासूनपुसून उन्हात धरावा, वाळके शेण त्याला न टेकवता समोर ठेवावे, ते पेटते. कासे इथे आरशाचे काम करते. ऑलिंपियात ऑलिंपिकची ज्योत आजही अंतर्वक्र आरशानेच पेटवतात. शेणाची निवडही चोख आहे. सोलापूरकडे हुरड्याची आगटी गोवऱ्यांची असते, आणि भिंगाला गोवरीच्या भुग्यासारखे सोयीचे जळण दुसरे सहसा सापडत नाही.

निरभ्र दुपारी उन्हासमोर धरलेल्या चौरस मीटरभर जागेवर साधारण १,००० वॅट ऊर्जा पडते. ५ सेंमी व्यासाच्या भिंगाच्या वाट्याला त्यातले जेमतेम २ वॅट येतात. पण नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून ठिपक्यापर्यंतचे अंतर, २० सेंमी असेल, तर ते सगळे २ मिमीहून लहान ठिपक्यात उतरतात. काचेतली घट सोडली, तर ऊन सुमारे ७०० पट दाट होते. हा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच. तो लांबट दिसला, तर भिंग तिरके धरले आहे.

सोलापूरसारख्या गिरणगावात पहिल्यांदा कापूस आठवावा हे साहजिकच, पण पांढरा कापूस ऊन परतवतो. त्याला काजळी चोळावी लागते. वर्तमानपत्रावर ठिपका धरला, तर कोऱ्या कागदाआधी मथळ्याची काळी अक्षरे धुरकटतात. गोवरीचा भुगा मुळातच गडद आणि भुसभुशीत. हात न हलवता धरले की त्यावर काळा डाग पडतो, धुराची बारीक दोरी उठते, मग डागाच्या कडेने लाल रेघ सरकू लागते. नवखा इथेच ज्वाळेची वाट बघत बसतो. भिंगाने बहुधा निखाराच मिळतो; तो विस्कटलेल्या काथ्यात घेऊन हळूहळू फुंकावा लागतो.

सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर, हुरड्याच्या दिवसांत, तो क्षितिजापासून ४९ अंशांपर्यंतच चढतो. तरी आभाळ स्वच्छ असेल तर दुपारी काम होते. कोवळ्या उन्हात खटाटोप करू नये.

भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ माळावर तर हा प्रयोग नकोच. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव करण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. काम झाले की भिंग कापडात गुंडाळून ठेवावे.